फोन ठेवला की काम का मरते? टर्मिनल आणि पडद्याआडच्या कामांचा इतिहास

१/ युनिक्स आणि तिच्या वंशातील लिनक्स, मॅकओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालू प्रोग्रॅमला बाहेरून देता येणाऱ्या संकेतांची एक क्रमवार यादी असते. त्यातला नववा संकेत सर्वांच्या परिचयाचा. ‘किल मायनस नाइन’ म्हणजे थेट देहदंड. पहिल्या क्रमांकाच्या संकेताकडे मात्र सहसा कोणी वळून पाहत नाही. त्याचे नाव ‘हँगअप’. मराठीत सांगायचे तर, ‘फोन ठेवला’.

२/ कोणता फोन, आणि तो कोणी ठेवला? दूरच्या सर्व्हरवर तीन तासांचे काम लावावे, मध्येच इंटरनेट जावे, आणि पुन्हा जोडणी झाल्यावर काम अर्ध्यात मेलेले दिसावे, हा प्रसंग संगणकाशी झटणाऱ्या बहुतेकांवर एकदा तरी येतो. त्या मृत्यूचे कारण बहुधा हाच पहिल्या क्रमांकाचा संकेत असतो. आजच्या धाग्यात त्या फोनचा, आणि त्याच्या तारेपासून आपले काम सोडवून घेण्यासाठी झालेल्या खटपटींचा इतिहास पाहू. वरवर ही निव्वळ तांत्रिक बाब वाटते. माझ्या मते मात्र हा मुळात मालकीचा वाद आहे. चालू असलेले काम कोणाचे? ज्या टर्मिनलवरून ते सुरू झाले त्याचे, की ते लावणाऱ्या माणसाचे?

३/ प्रारंभी हा प्रश्न अस्तित्वातच नव्हता. १९५० च्या दशकात मोठ्या संगणकासमोर सर्वसामान्य संशोधकाला बसू देत नसत. त्याने भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि घरी जायचे. गठ्ठे एकामागून एक यंत्रात जात. उत्तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी छापील कागदावर मिळे. ही ‘बॅच’ पद्धत. तिच्या नावाने पुढे पुष्कळ बोटे मोडली गेली, आणि ती रास्तच होती. एका स्वल्पविरामाच्या चुकीसाठी दिवस वाया जाई. पण एक गोष्ट तिच्यात आपोआप साधलेली होती. माणूस आणि त्याचे काम यांना जोडणारी तारच नव्हती, म्हणून ती तुटण्याचे भयही नव्हते.

४/ ती तार आली १९६१ मध्ये. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कम्पॅटिबल टाइमशेअरिंग सिस्टिम’ (सीटीएसएस) हिचे पहिले प्रात्यक्षिक दाखवले. एकच संगणक, त्याला जोडलेली अनेक टंकयंत्रे, आणि प्रत्येकावर एक माणूस. पंगतीतला वाढपी जसा पानापानापुढे क्षणभर थांबत जातो, आणि तरीही जेवणाऱ्याला वाटते की हा आपल्यासाठीच उभा आहे, तसा संगणक प्रत्येकाच्या कामाला थोडा थोडा वेळ देत फिरे.

५/ ‘फोरग्राउंड’ आणि ‘बॅकग्राउंड’ हे शब्द संगणकाच्या बोलीत रुळले ते याच काळात, आणि त्यांचा तेव्हाचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. सीटीएसएसमध्ये टंकयंत्रांपुढे बसलेल्या माणसांची कामे पुढची, आणि जुनी बॅच पद्धतीची कामे मागची. टंकयंत्रापुढचा माणूस विचार करत बसला असेल, तर तो रिकामा वेळ यंत्राने मागच्या रांगेतील गठ्ठ्यांना द्यायचा. ‘बॅकग्राउंड’ म्हणजे दुय्यम काम असे नव्हे. माणूस समोर नसताना चालणारे काम, इतकाच त्याचा अर्थ.

६/ लवकरच त्या व्यवस्थेत तिसरा प्रकार आला. टंकयंत्रापुढे बसूनच मागच्या रांगेत काम टाकायचे, निरोप घ्यायचा, आणि यंत्राने ते सवडीने उरकायचे. त्याचे नावच मुळी ‘फोरग्राउंड इनिशिएटेड बॅकग्राउंड’, संक्षेपाने ‘फिब’. म्हणजे टर्मिनल सोडून गेल्यावरही आपले काम चालू राहावे ही गरज टाइमशेअरिंगच्या जन्माबरोबरच जाणवली होती, आणि तिची सोयही तेव्हाच झाली होती. पुढे जे घडले ते समजण्यासाठी हे ध्यानात ठेवावे.

७/ त्याच वातावरणात आणखी एक शब्द जन्मला. १९६३ च्या सुमारास एमआयटीच्या ‘प्रोजेक्ट मॅक’मधील मंडळी, कोणत्याही माणसाच्या आज्ञेवाचून मागे अखंड चालणाऱ्या प्रोग्रॅमना ‘डीमन’ म्हणू लागली. असा पहिला प्रोग्रॅम फाइलींच्या प्रती आपणहून चुंबकीय फितीवर उतरवून ठेवी. कोर्बातो यांनी पुढे सांगितले की, या नावामागे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा काल्पनिक ‘डीमन’ होता. दोन कप्प्यांमधल्या दारावर बसून वेगवान आणि मंद रेणू निवडणारा. मराठीत त्याचे भाषांतर ‘राक्षस’ असे करतात ते मला पटत नाही. कोकणात आणि गोव्यात गावाची सीमा राखणारा, कोणाला न दिसणारा, रात्रभर फिरणारा ‘राखणदार’ असतो. डीमनची जातकुळी त्याच्याशी जुळते.

८/ आता तारेकडे वळू. त्या काळचे टर्मिनल म्हणजे पडदा नव्हे, तर टेलिटाइप: तारायंत्राच्या व्यवसायासाठी बनलेले, खडखडाट करत कागदाच्या गुंडाळीवर छापणारे यंत्र. टेलिटाइप कंपनीचे ‘मॉडेल ३३’ हे १९६३ चे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे छापी. त्याच्या इंग्रजी नावाचा संक्षेप ‘टीटीवाय’. आज आपल्या लॅपटॉपवरची काळी खिडकी स्वतःला आतून ‘टीटीवाय’च म्हणवते. कागद गेला, शाई गेली, खडखडाट गेला. नाव तेवढे उरले.

९/ टेलिटाइप संगणकाच्याच इमारतीत असे असे नाही. कधी ते दुसऱ्या इमारतीत असे, तर कधी एखाद्या संशोधकाच्या घरी. मग जोडणीला साधी दूरध्वनीची तार. माणसाने संगणकाचा क्रमांक फिरवायचा, पलीकडून मोडेमची शिट्टी ऐकू येई, आणि संभाषण सुरू होई. बेल कंपनीचे १९६२ चे ‘१०३’ मोडेम सेकंदाला ३०० बिट वाहून नेई. काम संपले की रिसीव्हर जागेवर ठेवायचा. हाच तो फोन.

१०/ आता संगणकाच्या बाजूने विचार करा. फोन अचानक तुटला. माणसाने रीतसर निरोप घेतलेला नाही. त्याचे सत्र तसेच उघडे आहे. पाच मिनिटांनी दुसराच कोणी तोच क्रमांक फिरवतो आणि त्याच तारेवर येतो. संगणकाने काहीच केले नाही, तर हा उपरा पहिल्याच्या उघड्या सत्रात, त्याच्या फाइलींमध्ये, त्याच्या अधिकारांसह थेट जाऊन बसेल. तेव्हा तार तुटली की काहीतरी करणे संगणकाला भाग होते. प्रश्न एवढाच की काय करायचे: त्या माणसाचे काम बाजूला जपून ठेवायचे, की मारून टाकायचे?

११/ दोन्ही उत्तरे दिली गेली. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘आयटीएस’ नावाची व्यवस्था घडली. तिचे पूर्ण नाव ‘इन्कम्पॅटिबल टाइमशेअरिंग सिस्टिम’. सीटीएसएसच्या नावातील ‘कम्पॅटिबल’ला उघड उघड चिमटा. आयटीएसमध्ये एका माणसाच्या सर्व चालू कामांचे मिळून एक झाड मानले जाई. माणूस तारेवरून गेला तर ते झाड सुटे होऊन तसेच राही. तो परत आला की यंत्र विचारी: तुमचे सुटे झालेले झाड पुन्हा जोडू का? स्पेसची कळ दाबली की काम होते तिथून पुढे सुरू.

१२/ डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या ‘टॉप्स-१०’ या प्रणालीतही ‘डिटॅच’ आणि ‘अटॅच’ अशा सरळ आज्ञा होत्या. काम टर्मिनलपासून सोडवा, घरी जा, दुसऱ्या टर्मिनलवर बसा, काम जोडून घ्या. म्हणजे आजच्या तरुण प्रोग्रॅमरला ‘टीमक्स’ शिकल्यावर जो साक्षात्कार होतो, तो त्या पिढीला नित्याचा होता. मग मधल्या काळात ही विद्या हरवली कशी? उत्तर न्यू जर्सीत आहे.

१३/ १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीज ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पातून बाहेर पडली. त्या प्रकल्पात काम केलेल्या केन थॉम्पसन यांना मरे हिल येथील कार्यालयात एक जुना, फारसा वापरात नसलेला ‘पीडीपी-७’ संगणक सापडला. त्याची स्मृती १८ बिटांच्या ८ हजार शब्दांची; आज एखाद्या व्हॉट्सअॅप चित्रालाही ती अपुरी पडेल. त्यावर थॉम्पसन, डेनिस रिची आणि त्यांच्या मित्रांनी जी लहानशी व्यवस्था उभी केली तीच युनिक्स.

१४/ रिची यांनी युनिक्सच्या उत्क्रांतीवर लिहिलेल्या निबंधात एक तपशील आहे, आणि आपल्या धाग्याची किल्ली तिथेच आहे असे मला वाटते. आरंभीच्या पीडीपी-७ युनिक्सवर एकूण दोनच प्रक्रिया चालत, कारण यंत्राला दोनच टर्मिनले होती. एका टर्मिनलला एक प्रक्रिया. नवी प्रक्रिया जन्माला घालण्याची सोयच नव्हती. आज्ञा दिली की शेल स्वतःच्या जागी त्या प्रोग्रॅमला बसवी, आणि प्रोग्रॅम संपला की शेल नव्याने स्मृतीत येई. काम आणि टर्मिनल या युनिक्सच्या लेखी आरंभी दोन वस्तूच नव्हत्या. गरिबीत घातलेला पाया होता तो. त्यावर पुढे हवेली चढली, पण पाया तोच राहिला.

१५/ मग ‘फोर्क’ आले. चालू प्रक्रियेची हुबेहूब प्रत काढून दुसरी प्रक्रिया निर्माण करण्याची ही कल्पना बर्कली येथील टाइमशेअरिंग प्रणालीत आधीच होती, आणि थॉम्पसन बर्कलीचेच विद्यार्थी. पीडीपी-७ वर ती उतरवायला असेंब्ली भाषेच्या नेमक्या २७ ओळी लागल्या, असे रिची सांगतात. आता शेल स्वतः जिवंत राहून कामासाठी मूल जन्माला घालू लागला आणि ते संपेपर्यंत वाट पाहू लागला.

१६/ एक गमतीचा घोटाळाही झाला. फोर्क आल्यावर फोल्डर बदलण्याची आज्ञा एकाएकी निकामी झाली. आज्ञा पाळणारे मूल स्वतः इमानाने दुसऱ्या फोल्डरमध्ये जाई आणि तिथेच मरून जाई. शेल मात्र जागचा हलत नसे. तेव्हापासून ती आज्ञा शेलला स्वतःच पाळावी लागते. आजही ‘सीडी’ हा वेगळा प्रोग्रॅम म्हणून न राहता शेलच्याच पोटात असतो तो यामुळे.

१७/ पण फोर्कचा खरा प्रसाद वेगळा. शेल मुलाची वाट पाहतो. मग एखाद्या वेळी त्याने वाट पाहिलीच नाही तर? काम मागे चालू राहील आणि शेल पुढची आज्ञा घ्यायला मोकळा. यासाठी नवे यंत्र उभारावे लागले नाही; फक्त एक वाट पाहणे गाळायचे. त्याची खूण म्हणून आज्ञेच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह आले. सीटीएसएसला ज्यासाठी खास व्यवस्था उभारावी लागली, ते इथे एका चिन्हात मिळाले. युनिक्सचे सौंदर्य म्हणतात ते हेच, आणि मी त्याचा चाहता आहे. पण या सौंदर्यात एक खोट राहिली. मागे टाकलेल्या मुलाच्या कपाळावर अजूनही त्याच टर्मिनलचे नाव गोंदलेले होते.

१८/ तार तुटली की युनिक्सचा गाभा त्या टर्मिनलच्या नावाने नोंदलेल्या सर्व प्रक्रियांना पहिल्या क्रमांकाचा संकेत देई: हँगअप. प्रोग्रॅमने वेगळी तजवीज केली नसेल तर या संकेताचा परिणाम मृत्यू. आयटीएसने काम जपले. युनिक्सने मारण्याचा मार्ग पत्करला. लहान यंत्र, मोजकी स्मृती, बेवारस प्रक्रिया सांभाळायला जागा नाही, आणि उघडे सत्र उपऱ्याच्या हाती जाण्याचा धोका; त्या घडीला तो निर्णय अवाजवी नव्हता. दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेत फोन ठेवणे म्हणजे संभाषण संपणे, यात कोणाला वावगे वाटण्याचे कारणही नव्हते.

१९/ तरीही रात्रभराची कामे लावणारे संशोधक होतेच. त्यांच्यासाठी १९७३ च्या चौथ्या आवृत्तीत ‘नोहप’ आले. नावाचा अर्थ ‘हँगअप नको’. त्याची युक्ती अशी: एखाद्या प्रक्रियेने संकेताकडे दुर्लक्ष करायचे ठरवले की तो निश्चय तिच्या पोटी येणाऱ्या मुलांकडे वारशाने जातो, आणि तिच्या जागी दुसरा प्रोग्रॅम बसवला तरी टिकतो. म्हणून नोहप आधी स्वतः बहिरे होते आणि मग आपली जागा खऱ्या कामाला देते. ते काम जन्मतःच बहिरे. फोन ठेवल्याचा आवाज त्याच्या कानी पडत नाही.

२०/ १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील नोहप ही जेमतेम काही ओळींची शेल स्क्रिप्ट आहे. तिच्यात दोन गोष्टी वाचण्यासारख्या आहेत. काम टर्मिनलवर छापणार असेल, तर ते छापणे ‘नोहप-डॉट-आउट’ या फाइलीत वळवले जाई; टर्मिनल गेल्यावर बोलायचे कोणाशी? आणि काम ‘नाइस’ या आज्ञेतून चालवून त्याचा अग्रक्रम मुद्दाम खाली आणला जाई. माणूस समोर नसेल तर त्याच्या कामाने समोर बसलेल्यांना वाट द्यावी, हा सीटीएसएसच्या काळचा शिष्टाचार तिथे शिल्लक दिसतो. आजच्या नोहपमधून तो नाहीसा झाला आहे. मला त्याची चुटपुट लागते.

२१/ नोहपची मर्यादा मात्र मोठी. काम वाचे, पण परतीचा रस्ता बंद. सकाळी येऊन फाइल वाचायची, एवढेच. मध्ये प्रोग्रॅमने काही विचारले तर उत्तर देण्याची सोय नाही. बाण सुटला तो सुटला.

२२/ पुढची पायरी अनपेक्षित ठिकाणी पडली: व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्ग येथे, हाब्सबुर्ग राजघराण्याच्या जुन्या प्रासादात. तिथे ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर अप्लाइड सिस्टिम्स अॅनालिसिस’ ही संस्था आहे. शीतयुद्धाच्या ऐन काळात, १९७२ मध्ये, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांच्याही सहभागाने ती स्थापन झाली. ऊर्जा, पर्यावरण, लोकसंख्या अशा प्रश्नांवर पूर्व-पश्चिमेच्या शास्त्रज्ञांनी एकत्र काम करावे म्हणून. तिथल्या जिम कल्प यांनी युनिक्समध्ये अशी सोय केली की चालू काम मध्येच गोठवता यावे, मागे ढकलता यावे, आणि पुन्हा पुढे आणता यावे.

२३/ ही कल्पना कॅलिफोर्नियातील बर्कलीला पोहोचली. तिथे बिल जॉय यांनी ‘सी शेल’ लिहिला होता. १९८० च्या ‘४बीएसडी’मध्ये ‘जॉब कंट्रोल’ या नावाने ती सर्वांच्या हाती आली. कंट्रोल-झेड दाबा, काम जागीच थबकते. ‘बीजी’ म्हणा, मागे धावू लागते. ‘एफजी’ म्हणा, समोर येते. सी शेलच्या मॅन्युअलमध्ये लेखकांच्या नोंदीत कल्प आणि लाक्सेनबुर्ग यांचा उल्लेख आजही सापडतो. (कंट्रोल-झेडने काम थबकवण्याची रीत मूळची आयटीएसची. जुने घराणे असे अधूनमधून डोकावते.)

२४/ जॉब कंट्रोलने मागे आणि पुढे यांतले दार दुहेरी केले, पण सारे नाट्य एकाच टर्मिनलच्या रंगमंचावर. तार तुटल्यावर काय होईल, याचा नियम तर अधिकच गुंतागुंतीचा झाला. सी शेलमध्ये ‘&’ने मागे टाकलेले काम नोहपवाचूनही तगे; बोर्न शेलमध्ये तेच मरे. पुढे बॅशसारख्या शेलांनी ‘डिसोन’ ही आज्ञा दिली. आपल्याच कामाचे नाव वहीतून खोडायचे, म्हणजे फोन तुटल्यावर शेल त्याच्या वाटेला जाणार नाही. एकाच प्रश्नाला तीन शेलांत तीन उत्तरे. नवशिक्याने गोंधळून जावे यात त्याचा दोष कोणता?

२५/ या काळात डीमनांची संख्या वाढत होती: टपाल पोचवणारा, छपाई करणारा, ठरल्या वेळी कामे लावणारा. टर्मिनलपासून पूर्ण मुक्त होण्यासाठी त्यांना एक विधी करावा लागे. १९८८ च्या ‘पॉझिक्स’ मानकाने ‘सेशन’ आणि त्याचे ‘नियंत्रक टर्मिनल’ या संज्ञा पक्क्या केल्या आणि हा विधीही स्थिरावला. प्रक्रियेने मूल जन्माला घालून स्वतः मरायचे. अनाथ मुलाला पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया दत्तक घेते. मुलाने ‘सेटसिड’ म्हणून नवे सत्र सुरू करायचे. पुन्हा एकदा मूल घालून मरायचे, म्हणजे चुकूनही टर्मिनल चिकटणार नाही. मग मूळ फोल्डर सोडून मुळाशी जायचे आणि उघड्या फाइली मिटायच्या. संन्यास घेणारा पूर्वाश्रमाचे सर्व पाश तोडतो आणि स्वतःचे श्राद्धही स्वतःच उरकतो, त्याची आठवण व्हावी असा हा प्रकार.

२६/ त्यातून एक विलक्षण गोष्ट घडली. टर्मिनलच नसलेल्या डीमनला फोन ठेवल्याचा संकेत स्वाभाविकपणे कधीच यायचा नाही. म्हणजे हा संकेत त्याच्यापुरता रिकामा पडला. मग प्रथा पडली की डीमनला हँगअप धाडला तर त्याने मरायचे नाही, आपली सेटिंगची फाइल नव्याने वाचायची. मृत्यूचा निरोप ‘नवा हुकूम वाचा’ असा झाला. सर्व्हर सांभाळणारे आजही हा संकेत दररोज वापरतात.

२७/ सामान्य वापरकर्त्याची कोंडी खऱ्या अर्थाने फुटली ती १९८७ मध्ये. भिंत उभी असलेल्या बर्लिनच्या पश्चिम भागात, तांत्रिक विद्यापीठात, ओलिव्हर लाउमान आणि कार्स्टेन बोरमान यांनी ‘स्क्रीन’ लिहिला. त्याला लागणारी सामग्री १९८३ च्या ४.२बीएसडीने दिली होती: ‘स्यूडोटर्मिनल’, म्हणजे खोटे टर्मिनल. तार नाही, यंत्र नाही; सॉफ्टवेअरनेच रचलेला आभास, पण प्रोग्रॅमला तो खराच वाटतो.

२८/ स्क्रीनची युक्ती नोहपच्या अगदी उलट. तो कामाला बहिरे करत नाही. तो कामासमोर खोटे टर्मिनल मांडतो आणि स्वतः मध्यस्थ म्हणून बसतो. बाहेरचा खरा फोन तुटला तर तुटो. ती खबर मध्यस्थापाशीच थांबते. कामाच्या दृष्टीने समोरचे टर्मिनल अजून तसेच लखलखीत आहे. माणूस परतला की मध्यस्थ त्याला त्याच पडद्यासमोर नेऊन बसवतो. आयटीएसचे सुटे झालेले झाड युनिक्सच्या अंगणात असे पुन्हा रुजले; आणि तेही मूळ पायाला धक्का न लावता. गाभ्याचा नियम तोच राहिला: टर्मिनल मेले की काम मेले. न मरणारे टर्मिनल तेवढे कोणी तरी घडवले.

२९/ २००७ मध्ये निकोलस मॅरियट यांनी त्याच कल्पनेवर ‘टीमक्स’ लिहिण्यास आरंभ केला. २००९ मध्ये तो ओपनबीएसडीच्या मूळ संचात गेला, आणि आज बहुतेकांच्या बोटांत तोच आहे. त्याच्या गुणांवर स्वतंत्र धागे विपुल आहेत. इथे थांबत नाही.

३०/ वाद मिटला असे वाटत असतानाच २०१६ चा मे महिना उजाडला. लिनक्समध्ये सर्व सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी ‘सिस्टिमडी’ ही व्यवस्था तोवर बहुतेक प्रमुख वितरणांत रुजली होती. तिच्या २३० व्या आवृत्तीत एक मूळ सेटिंग बदलले गेले: माणूस लॉगआउट झाला की त्याच्या सत्रातील सर्व प्रक्रिया मारायच्या. फक्त हँगअप देऊन नव्हे. त्या सत्रात जन्मलेल्या प्रत्येक प्रक्रियेची नोंद गाभ्याकडे एका गटात ठेवलेली असते. त्या गटातील एकेकाला गाठून. बहिरे असणे इथे कामाचे नाही. नोहप, स्क्रीन, टीमक्स, तिघेही एका फटक्यात निष्प्रभ.

३१/ डेबियनच्या त्रुटी-नोंदवहीत त्याच महिन्यात तक्रार दाखल झाली आणि वाद पेटला. बदल करणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती: माणूस निघून गेल्यावर त्याच्या नावाने भटकणाऱ्या प्रक्रिया स्मृती खातात, कधी असुरक्षित असतात, आणि सामायिक यंत्रावर कोण काय चालवतो याचा हिशोब प्रशासकाकडे असायला हवा. विरोधकांचे म्हणणे असे की, ज्याने नोहप लिहून आपला हेतू स्पष्ट सांगितला आहे त्याचे काम मारणे म्हणजे चार दशकांचा करार एकतर्फी मोडणे. माझा कल दुसऱ्या बाजूकडे आहे. पण नीट पाहिले तर दोन्ही पक्ष १९६० च्या दशकातलाच प्रश्न विचारत होते. फोनच्या जागी लॉगआउट आले होते, एवढेच.

३२/ डेबियनने आपल्या वितरणात ते सेटिंग पुन्हा बंद केले. सिस्टिमडीच्या मूळ आवृत्तीत ते चालूच राहिले. त्यामुळे टीमक्समध्ये लावलेले काम रात्रभर जगेल की नाही, हे आज ते यंत्र कोणाच्या वितरणावर चालते यावर ठरते. सिस्टिमडीने स्वतःचा एक मार्गही दिला आहे. त्याचे नाव ‘लिंगर’, म्हणजे रेंगाळणे. एखाद्या व्यक्तीसाठी तो चालू केला की तिच्या नावाचा सेवा-व्यवस्थापक ती यंत्रावर नसतानाही जागा राहतो, आणि त्याच्या हवाली केलेले काम टिकते. या व्यवस्थेत टर्मिनलचा कुठे संबंध येत नाही. रेंगाळण्याची परवानगी मिळाल्याची नोंद म्हणून संगणक एका ठरावीक फोल्डरमध्ये एक फाइल तयार करतो. फाइल पूर्णपणे रिकामी असते. तिचे नाव म्हणजे त्या माणसाचे नाव.